तेल्याची वंशावळ

बाग ताणावर असली की आमच्या निंबोणदऱ्यात माणसंही हळू बोलतात. तसा कुणी नियम केलेला नाही. चैत्र सरत आला की डाळिंबाचं पाणी तोडायचं, महिना-दीड महिना झाडाला तहानलेलं ठेवायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, आणि झाड पुरतं झोपलं की छाटणी करून मृगाच्या तोंडावर पाणी सोडायचं. मग ते जागं होतं आणि अंगभर फुलतं. झोपलेल्या बागेत आवाज चढवला तर बहार बिघडतो, असं आई म्हणायची. मी जिवाणूशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण बागेच्या बांधावर पाय ठेवला की अजूनही माझा आवाज आपोआप खाली येतो.

२०४६ सालच्या वैशाखात मी माहेरी आले ती यंत्र घेऊन. जेवणाच्या डब्याएवढंच ते. प्रयोगशाळेत त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. मी त्याला हेळवी म्हणायचे. माणदेशात पूर्वी सुगी झाली की हेळवी यायचे, बैलावर बसून. दारात टेकायचे, चोपडी उघडायचे आणि खापरपणजोबापासूनची तुमच्या घराण्याची नावं एका सुरात वाचायचे. माझ्या लहानपणी एक म्हातारे हेळवी आमच्याकडं येत. त्यांनी माझ्या चुलतभावांची नावं लिहून घेतली, माझं घेतलं नाही. मुलींची लिहीत नसत. तो राग मी चांगला तीस वर्षं सांभाळला आणि शेवटी माझ्या यंत्राला त्यांचं नाव देऊन उट्टं काढलं.

माझा हेळवी माणसांची नाही, रोगाची वंशावळ वाचतो. डाळिंबाच्या पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग पडतो, पुढं फळ काळं पडून चिरतं, तो तेल्या. त्यामागं एक जिवाणू असतो. त्याच्या पोटात गुंडाळून ठेवलेला एकच लांब धागा, आणि त्या धाग्यावर पन्नास लाखांच्या आसपास अक्षरं. बाराखडी मात्र अवघ्या चार अक्षरांची. एका जिवाणूचे दोन होताना हा सगळा मजकूर उतरवून काढावा लागतो, आणि उतरवताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. वर्षाकाठी फार तर दोनचार. पण एकदा चुकलेलं अक्षर पुढच्या साऱ्या पिढ्या तसंच गिरवत राहतात. दोन बागांतल्या जिवाणूंचे मजकूर शेजारी ठेवले की कोण कुणापासून निघालं ते चुकांवरून कळतं.

हा मजकूर माणसानं कधीच वाचून ठेवला होता. नवं होतं ते एवढंच, की हेळवी तो तासाभरात वाचतो, तोही वाळल्या काटकीतून, आणि लगेच तालुक्याचा नकाशा काढून कुठल्या बागेतून कुठल्या बागेत रोग चालत गेला ते दाखवतो. आता तेल्यावर औषधही निघालं होतं, जिवाणूला खाणाऱ्या विषाणूचं. पण तो विषाणू रोगाच्या मूळ पिढीवर वाढवावा लागतो, तरच पुढची सगळी पिलावळ त्याला ओळखू येते. म्हणून नियम असा झाला होता: मूळ बाग शोधायची, तिचा नमुना घ्यायचा, ती बाग उपटून जाळायची आणि मग बाकीच्यांनी फवारणी करायची. वंशावळ गावासमोर मोठ्यानं वाचायची, म्हणजे नंतर कुणी कुरबुर करायला नको. आमच्या गावचं वाचन येत्या रविवारी बिरोबाच्या मंडपात ठरलं होतं.

खरं तर गावाला यंत्राची गरजच नव्हती. तेल्या कुणी आणला हे निंबोणदऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धुळा लवट्यानं.

धुळामामा माझा सख्खा मामा नाही. माझ्या वडिलांचा, दादांचा, तो जिवाभावाचा दोस्त. ओढ्याच्या अलीकडं आमची बाग, पलीकडं त्याची. छाटणी वारंगुळ्यानं चालायची, म्हणजे आज दोघं मिळून त्याच्या बागेत, उद्या दोघं मिळून आमच्या. दादांचा एकच कडक नियम होता. एक झाड झालं की कात्री औषधाच्या बादलीत बुडवायची, मोठ्यानं वीस मोजायचे आणि मगच दुसऱ्या झाडाला हात लावायचा. धुळामामा हे दादांकडूनच शिकला. मी अंकसुद्धा त्या बादलीपाशीच शिकले. पहिलीत मास्तरांनी विचारलं, वीसच्या पुढं काय? मी सांगितलं, पुढचं झाड.

एकवीस वर्षांपूर्वी मामानं विजापूरकडून पन्नास नवी रोपं आणली. त्याच पावसाळ्यात त्याच्या बागेत तेल्या उठला, गावात पहिल्यांदाच. आमच्याकडं तो दोन महिन्यांनी दिसला. गावकी बसली तेव्हा दादा उठून म्हणाले, "धुळाच्या बागेतनं आलाय. नवी रोपं भोवली." मामानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली सहाशेच्या सहाशे झाडं मुळासकट उपटली आणि पेटवून दिली. बाकीच्यांनी फवारण्या मारल्या, डागी फांद्या कापल्या आणि तेल्याशी जमवून घेतलं. मामानं पुन्हा डाळिंब लावलं नाही. मेंढरं घेतली. आणि कुणी सांगितलं नसताना दुसऱ्याच्या बागेत पाय टाकणं बंद केलं. त्याच्या वस्तीवरून गावात यायला आमच्या बागेतून पाच मिनिटं लागतात. तो ओढ्याच्या काठानं, कॅनॉलला वळसा घालून पाऊण तास चालत यायचा. आई गेली तेव्हा मातीलाही तो वळसा घालूनच आला.

नमुने गोळा करता करता शुक्रवारी मी त्याच्या वस्तीवर पोचले. मामा बाभळीखाली मेंढरू धरून लोकर कातरत होता. अंगानं वाळला होता, हात मात्र तेच.

"कवा आलीस?"

"परवा. मामा, तुमच्या जुन्या बागेतलं काही उरलंय का? एखादं खोड, मूळ, काहीही."

"समदं जाळलं की." त्यानं मेंढरू सोडलं. ते अर्धं कातरलेलं अंग घेऊन कळपात शिरलं. "एक हाय."

तो खोपीत गेला आणि आढ्याला लोकरीच्या दोऱ्यानं टांगलेलं एक डाळिंब काढून घेऊन आला. वाळून कोळ झालेलं, मधोमध चिरलेलं. हातात घेतलं तर वजनच लागेना.

"हे कशाला ठेवलंत?"

"इसरू न्हाय म्हनून." मग तो म्हणाला, "ऐतवारी तू वाचनार हायस न्हवं, कुनापास्नं झालं त्ये?"

"हो."

"मग वाच. माजं नाव घ्यायला कचरू नगंस. म्या यिऊन बसंन. एकदा यंत्रानं सांगितलं म्हंजी झालं. मला बी कळंल, नेमकं कुनाकुनाचं वाटुळं केलं म्या."

मी ते डाळिंब रुमालात गुंडाळलं आणि निघाले. मी आमच्या बागेतून आले, आणि तो मला पोचवायला ओढ्यापर्यंतच आला.

दुपारी बागेच्या कडेला लिंबाखाली हेळवी मांडला. त्यात डाळिंबाच्या सालीची चिमूट टाकली. आमच्याकडं तेल्या पहिल्यांदा दिसला त्या कोपऱ्यातल्या झाडाच्या जुन्या खोडाचा भुगा सकाळीच टाकला होता. ऊन असं होतं की झाडांची सावलीसुद्धा झाडाखालून हलत नव्हती. चारशे झाडं पानं टाकून उभी, वाऱ्याचा पत्ता नाही, कुठंतरी एक होला घुमत होता. यंत्राचा बारीक आवाज ऐकता ऐकता माझा डोळा लागला.

स्वप्नात ते म्हातारे हेळवी आले. बैल झाडांच्या ओळींमधून हळूहळू चालत होता आणि ते चोपडीतून वाचत होते. नावं नव्हती, नुसती अक्षरं, तीच ती चार, पुन्हा पुन्हा, अंगाईच्या सुरात. प्रत्येक अक्षराबरोबर एक पान गळत होतं आणि मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. बैल कोपऱ्यातल्या झाडापाशी आला आणि उभा राहिला. मी म्हटलं, बाबा, पुढं चला, ओढ्यापलीकडं चला. म्हातारे म्हणाले, पुढं नाही पोरी, इथंच आहे.

जाग आली तेव्हा यंत्र थांबलं होतं आणि नकाशा तयार होता.

मूळ आमची बाग होती. कोपऱ्यातलं झाड. तिथून ओढ्यापलीकडं एक रेघ गेली होती आणि गावात, शेजारच्या वाड्यांवर, पार तालुक्याच्या टोकापर्यंत एकतीस बागांना एकतीस रेघा. छाटणीत दादांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पंचक्रोशीतून त्यांना बोलावणं यायचं, आणि रोपंही लोक आमच्याच बागेतून न्यायचे. धुळामामाच्या डाळिंबातल्या जिवाणूत आमच्यापेक्षा दोन अक्षरं वेगळी होती. रोग त्याच्याकडून आमच्याकडं आला असता, तर ती दोन अक्षरं आमच्यातही उतरली असती. ती आमच्यात नव्हती. इतर एकतीस बागांतही नव्हती. मामाची फांदी त्या वाळक्या फळापाशी सुरू होऊन तिथंच संपत होती. त्यानं सगळं जाळलं होतं, त्यामुळं त्याच्यापासून कुणालाच काही गेलं नव्हतं. विजापूरच्या रोपांचा तर काही संबंधच नव्हता. त्याची जमीन सखल आणि ओली, म्हणून रोग तिथं आधी दिसला. आमच्या मुरमाड चढावर तो खोडात दडून राहिला.

मी बराच वेळ त्या रेघेकडं बघत बसले. एक बाण. तो उलटा करायला मला बोटाची एक हालचाल पुरली असती. माझ्या सहीशिवाय नकाशा पुढं जात नव्हता आणि माझ्या सहीवर शंका घेणारं तालुक्यात कुणी नव्हतं. औषधाचा नमुनाही आमच्याच झाडाचा गुपचूप नेता आला असता. आमची बाग उभी राहिली असती आणि धुळामामा वळसा घालत राहिला असता. मी खोटं कशाला बोलू, तो विचार मला फार गोड वाटला.

चारला दादा चहा घेऊन आले. बहात्तर वर्षांचे, कमरेत थोडे वाकलेले, पण कात्री अजून कमरेलाच. मी त्यांना सगळं सांगितलं. चहावर साय धरली.

"कोनतं साल म्हनतंय तुजं यंत्र?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पंचवीस. उन्हाळ्याचा शेवट. दिवस नाही सांगता येत."

"दिवस मला ठावं हाय." दादा कोपऱ्यातल्या झाडाकडं बघत होते. "तुजा बारावीचा निकाल लागला त्यो. म्या त्या झाडापाशी हुतो. पानावर दोनचार डाग दिसलं. वाटलं, फवारनीच्या पंपाचं ऑईल उडालं आसंल. झाड छाटलं, कात्री बादलीत बुडवली, मोजाय लागलो. आन् तू बांधावरनं वरडलीस, दादा, जिल्ह्यात पयली आले. सातावर हुतो म्या. सातावर कात्री काढली आन् पळालो. तसाच फुडं धुळाकडं गेलो. त्या दिशी त्याचा वारंगुळा हुता. एका हातात पेढं, एका हातात कात्री."

मला माझं ओरडणं आठवत होतं. झोपलेल्या बागेत मी एवढ्या मोठ्यानं आयुष्यात एकदाच ओरडले आहे. बादली मात्र आठवत नव्हती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मनात यायचं कवातरी. आलं की दुसरं काम काढायचो." त्यांनी चहा बाजूला सरकवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चारशे झाडं हायती, हर्षदा. तुज्या आईनं हातानं पानी घातलेली. धुळाचं तर कवाच जळून गेलंय. आता नाव इकडचं तिकडं झालं म्हनून त्याला काय फरक पडतुया?"

अगदी हेच मी तासाभरापूर्वी मनाशी म्हणत होते. ते दादांच्या तोंडून ऐकलं आणि मला त्यांची लाज वाटली, मग माझी वाटली. त्या दोन दिवसांत घरात आम्ही फक्त भाकरी आणि पाण्यापुरतं बोललो.

रविवारी बिरोबाचा मंडप भरला. दादा पुढच्या रांगेत, खांबाला टेकून. धुळामामा मंडपाच्या बाहेर, पायरीवर, कांबळं खाली टाकून. मी नकाशा भिंतीवर दाखवला, पण नुसत्या रेघा बघून कुणाला काय कळणार. सरपंच म्हणाले, "ताई, वाचा."

मी वाचायला लागले आणि माझा सूर त्या म्हाताऱ्या हेळव्यांचा लागला. मी ठरवून केलं नाही. "मूळ बाग. तायाप्पा बाळू सरगर, निंबोणदरे, ओढ्याअलीकडचा मळा, कोपऱ्यातलं झाड." मंडपात हालचाल झाली आणि थांबली. मी पुढं वाचत गेले. कुणाची बाग, कुणापासून, कोणत्या साली. एकतीस नावं. लोक आपलं नाव आलं की मान हलवत होते, लग्नाच्या पंगतीत पुकारा व्हावा तसे. शेवटी एक फांदी उरली.

"धुळा येसू लवटे, निंबोणदरे, ओढ्यापलीकडचा मळा. तायाप्पा सरगर यांच्या बागेपासून. पुढं वंश नाही."

जुने हेळवी घराणं बुडालं की असंच वाचत. आमच्याकडं हे शब्द कानाला शिवीसारखे लागतात. त्या दिवशी ते वाचून झाले आणि पायरीवरच्या माणसाकडं सगळा मंडप वळून बघायला लागला. मामा जमिनीकडं बघत होता. त्याला कळलं की नाही तेच मला कळेना.

दादा खांबाला धरून उठले. "सातावर सोडली हुती म्या," ते म्हणाले. लोकांना काही उमगलं नाही. मामानं मात्र मान वर केली. त्यानं दादांकडं बघितलं, कांबळं उचललं, झटकलं, आणि वळशाच्या वाटेनं निघून गेला.

मंगळवारी बाग उपटायची होती. जेसीबी सकाळीच येऊन रस्त्याला थांबला होता. त्याआधी मला कोपऱ्यातल्या झाडाच्या चार काटक्या कापून हव्या होत्या, औषधासाठी. दादांनी बादली भरून ठेवली, कात्रीला धार लावली, आणि कापायचं सोडून बांधावर जाऊन बसले. नऊ वाजले, साडेनऊ. जेसीबीवाला दोनदा विचारून गेला. ते ओढ्यापलीकडं बघत होते.

मामा दिसला. मेंढरं वस्तीवर सोडून एकटाच येत होता. ओढ्यापाशी आला आणि सवयीनं कॅनॉलकडं वळला.

"धुळा," दादांनी हाक मारली. आवाज चढवला नाही, बाग झोपलेली होती. "बागेतनं ये."

मामा थांबला. मग ओढा उतरून अलीकडं आला, बांधावर वहाणा काढल्या आणि उभा राहिला. दादा पुढं गेले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली. मामानं पाय उचलून आत टाकला. मग तो आला, ओळीतून, एकेका झाडाच्या खोडाला हात लावत, फार हळू. बिनपानांच्या चारशे झाडांमधून तो येताना मला कितीतरी वेळ दिसत होता. पाच मिनिटांची वाट. त्याला तेवढीच लागली असेल, पण मला ती संपू नये असं वाटत होतं.

तो कोपऱ्यातल्या झाडापाशी पोचला. दोघं समोरासमोर आले. दादांनी कमरेची कात्री काढून पुढं धरली.

"पयला घाव तू घाल."

मामानं कात्री घेतली. पात्याला अंगठा लावून बघितला. मला वाटलं, आता झाडाला लावेल. तो वळला, वाकला आणि कात्री बादलीत बुडवली.

"मामा, जाळायचंच आहे ना झाड," असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"एक," मामा म्हणाला. "दोन. तीन." मोठ्यानं, सावकाश, मी लहान असताना मोजायचा तसंच. "चार. पाच. सा. सात."

सातावर तो थांबला. कात्री बादलीतच होती. त्यानं मान वर करून दादांकडं बघितलं आणि वाट बघत राहिला.

दादांनी डोळे पुसले.

"आठ," ते म्हणाले.